आक्काला आलेला कंटाळा

गेल्या जानेवारीत, भोगीला आठ दिवस उरले असताना, मी आमच्या भाकरीवालीला जवळजवळ कामावरून काढलं होतं. तिने भाकऱ्या जाळल्या नव्हत्या, गिऱ्हाइकाशी भांडण केलं नव्हतं, दांड्याही मारल्या नव्हत्या. तिने फक्त एक वाक्य दोनदा म्हटलं होतं: "ताई, मला कंटाळा आलाय."

जोगेश्वरी पूर्वेला माझं पोळीभाजी केंद्र आहे. तेव्हा आम्ही पाच जणी होतो. चपात्या, भाकऱ्या, दोन भाज्या, आमटी, आणि शुक्रवारी काहीतरी गोड. आजूबाजूच्या इमारतींमधली नोकरदार जोडपी आणि एकटे राहणारे म्हातारे ही आमची मुख्य गिऱ्हाइकं. मला याद्या करायची सवय लहानपणापासून आहे. माझ्या रुखवताची यादी मीच केली होती, आणि कबूल करून न आलेल्या वस्तूंचीही वेगळी केली होती. केंद्रात भिंतीवर उद्याची यादी असते, फ्रिजवर आठवड्याची, आणि एका लांबट वहीत हजेरी. हजेरीच्या शेवटच्या रकान्याचं नाव आहे 'कारण'. कुणी आलं नाही तर का, ते मी तिथे लिहिते.

सात वर्षांत त्या रकान्याने मला जेवढं मराठी शिकवलं तेवढं शाळेनेही शिकवलं नसेल. ताप, पाहुणे, गावाला, मुलाची परीक्षा ही नेहमीची कारणं. पण अधूनमधून बायका अशी काही कारणं सांगत, की ऐकताना वाटायचं हिला काही झालेलं नाही, आणि तिचा चेहरा पाहिला की वाटायचं बरंच काही झालंय. एकीला मरगळ आली होती. एकीला शीण होता. एकीचं अंग नुसतं जड झालं होतं. आमच्या मावशींना वाज यायचा.

मावशी मालवणकडच्या, साठी ओलांडलेल्या. सासरे आणि नवरा दोघेही गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा त्यांनी घरातूनच डबे सुरू केले आणि पुढे माझ्याकडे आल्या. आमटीचा हात त्यांच्यासारखा कुणाचा नाही आणि जीभही नाही. "माका वाज इलो" हे त्या दिवसातून चार वेळा म्हणतात, आणि प्रत्येक वेळी तो कशाचा तरी असतो. कोथिंबीर निवडण्याचा, फोनवर 'आज भाजी काय' विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा, माझ्या याद्यांचा. म्हणताना चेहरा अगदी टवटवीत. वाज म्हणजे वैताग, पण तो आला की मावशींना चढतो. त्या दिवशी आमटी जास्त चांगली होते.

मरगळ वेगळी. ती दुपारी दोननंतर सगळ्यांना मिळून येते. डबे गेलेले असतात, भांडी घासायची असतात आणि कुणीच पहिलं उठत नाही. मरगळीत कुणी कुणावर रागावत नाही, हा तिचा मोठा गुण. सुस्ती तिची बहीण, पण ती खाऊनपिऊन सुखी असते. रविवारी वडे-सागोतीनंतर येते ती सुस्ती. ग्लानी मी फक्त वर्तमानपत्रात वाचली आहे, आमच्याकडे कुणाला आलेली नाही. माझ्या मुलीला यातलं काहीच होत नाही, ती 'बोर' होते.

या सगळ्या गोष्टी आपल्या भाषेत येतात. शीण येतो, मरगळ येते, सुस्ती येते. आपण काही करत नाही, त्या आपल्या पायाने घरात शिरतात. फक्त कंटाळ्याची गोष्ट निराळी आहे. कंटाळा येतोही आणि कंटाळा करतातही. 'मरगळ करू नकोस' असं कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पण 'कंटाळा करू नकोस' हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात कुणी मोठं होत नाही.

मी मुलुंडला वाढले. आमच्या घरात 'कंटाळा आला' म्हणायची सोय नव्हती. आई शाळेत शिक्षिका होती. तिघा भावंडांपैकी कुणीही तो शब्द उच्चारला, की ती काही न बोलता तांदळाचं ताट समोर ठेवायची. निवडा. एकदा माझा धाकटा भाऊ तांदूळ निवडताना म्हणाला की आता याचाही कंटाळा आला, तर तिने मसुरीचं ताट आणून दिलं. त्यामुळे माझ्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता. कंटाळ्यावर औषध एकच, दुसरं काम. आणि कंटाळा येतो असं म्हणणारा माणूस खरं तर तो करत असतो.

आता आक्का. ती मंगळवेढ्याकडची, चाळिशीची. लग्न होऊन मुंबईत आली त्याला वीस वर्षं झाली, तरी बोली तिकडचीच राहिली. ती माझ्याहून लहान आहे, पण सगळे तिला आक्का म्हणतात म्हणून मीही म्हणते. तिच्या हातची ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ आणि बाजरीची लोण्यासारखी मऊ होते. ती फार बोलत नाही. सकाळी सातला येते, हात धुते, परात ओढते, आणि साडेदहाला ऐंशी भाकऱ्यांची चळत उभी असते.

डिसेंबरच्या अखेरीस एका दुपारी ती हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला कंटाळा आलाय लई."

मी भोगीची यादी करत होते. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची भोगी हा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी लोकांना त्या दिवशी हवीच असते, आणि हल्ली घरी कुणाला भाकरी थापता येत नाही. दीडशे भाकऱ्यांची मागणी तोवर लिहून झाली होती. त्या सगळ्या आक्काच्या हातातून जायच्या होत्या. मी मान वर न करता म्हटलं, होतं असं, एकच काम करून कंटाळा येणारच. आपण त्यावर काहीतरी करू.

आणि मी केलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या कामात बदल आणला. भाकऱ्या झाल्यावर तिला डबे भरायला लावलं. मग भाजी चिरायला. शुक्रवारी तिला गुळपोळी लाटायला शिकवली. मला वाटलं, हिला नवीन काही मिळालं की हुरूप येईल. आक्का सगळं करत होती. हुरूप मात्र दिसत नव्हता. उलट चालताना ती ओट्याला हात लावून चालायला लागली. मावशी मला म्हणाल्या, "तिका जरा बसाक दी गो." मी म्हटलं, मावशी, बसून कंटाळा वाढतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि डाळ घोटायला घेतली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आक्का पुन्हा आली. या वेळी तिने हातही पुसले नव्हते. "ताई, मी अगदी कंटाळून गेले आता. माझ्यानं व्हायचं न्हाई असं."

मला राग आला. आता वर्षभराने लिहितानाही तो कसा होता ते मला नीट आठवतं. दोन वर्षं ही माझ्याकडे आहे, हिच्यासाठी मी कामाची वाटणी बदलली, गुळपोळी शिकवली, आणि हिचा जीव रमत नाही. भोगी तोंडावर आली असताना ही मला सांगते की कंटाळून गेले. माझ्या मनात एकच अर्थ उमटला: ही दुसरीकडे बघतेय. त्या संध्याकाळी गोरेगावच्या एका ओळखीच्या बाईला फोन केला आणि चाचणीसाठी बोलावून घेतलं. यादीत लिहिलं: भाकरीसाठी नवी बाई बघणे.

नवी बाई सकाळी सातला आली. मी तिला आक्काच्या जागेवर उभी केली आणि आक्काला म्हटलं, आज तू वांगी चिर. आक्काने एकदा परातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि विळी घेतली. नव्या बाईच्या चपात्या चांगल्या होत्या. बाजरीची भाकरी तव्यावर टाकताना मात्र तिच्या हातात तिचे दोन तुकडे झाले, दुसरीचे तीन. आक्का वांगी चिरत होती. एरवी कुणाचीही भाकरी मोडायला लागली की ती न बोलता उठायची आणि पिठात गरम पाणी घालायची. त्या दिवशी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का आली नाही. फोन लागला नाही. वही उघडली, तिच्या नावापुढे 'कारण' लिहायला पेन टेकवलं आणि काय लिहावं ते सुचेना. 'कंटाळा' लिहिलं असतं तर ते खरं होतं का, याचीच मला पहिल्यांदा शंका आली. ज्याला नुसता कंटाळा आलाय तो माणूस ऐंशी भाकऱ्या रोज वेळेवर कशाला करेल?

मावशी आमटीला फोडणी देत होत्या. पाठ माझ्याकडे होती. म्हणाल्या, "चल, दुपारी तिच्याकडे जावया. वहीक इचारून काय कळाचा नाय."

आक्का जोगेश्वरीच्या गुंफांच्या वरच्या अंगाला, चढावरच्या एका चाळीत राहते. मी तिथे कधी गेले नव्हते. रिक्षा खालीच थांबली, पुढे पायऱ्या. मावशी मध्ये दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा मला उगाच एका कुंडीतली तुळस दाखवली. दार उघडं होतं. आक्का आत होती, आम्हाला पाहून उठली, पदर सारखा केला, पाणी दिलं. बसा म्हणाली. मी विचारलं, आज का आली नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही नवीन बाई ठेवली की."

तेवढ्यात दारात तिची सासू आली. पंचाहत्तरीची, वाळक्या अंगाची, हातात प्रसादाचा नारळ. गुंफेतल्या देवीला जाऊन आली होती. उंबऱ्यातच बसली, धापा टाकत पाय लांब केले आणि सुनेला म्हणाली, "कंटाळले गं बाई. पाणी दे. त्या पायऱ्या चढून लई कंटाळा येतोय बघ."

देवीला जाऊन आलेली बाई कंटाळेल कशी? ती तर हसत होती. नारळ आमच्यापुढे धरून खोबरं घ्या म्हणत होती. तिला कशाचाही कंटाळा आलेला नव्हता. ती दमली होती.

मी आक्काकडे पाहिलं. विचारलं, "आक्का, तुमच्याकडे कंटाळा म्हणजे काय?"

"म्हंजे? कंटाळा म्हंजे कंटाळा. अंग मोडून आलं, पाय उचलंनात, की कंटाळा."

"थकवा?"

"तेच की."

"आणि एखाद्या कामात मन लागत नाही, तेच तेच नकोसं होतं, त्याला काय म्हणता?"

आक्काने थोडा विचार केला. "करमंना म्हणतो. पण ते माहेराहून आल्यावर. कामात कुठलं करमंना, ताई? काम कराया करमायला कशाला लागतंय?"

मावशी मोठ्याने हसल्या. सासूला काही कळलं नाही, पण तीही हसली. मी मात्र हसू शकले नाही, कारण डोक्यात यादी उलटी वाचली जात होती. ती म्हणाली दमले, मी तिला डबे भरायला लावलं. ती म्हणाली फार दमले, मी गुळपोळ्या लाटायला लावल्या. ती म्हणाली आता शरीर चालत नाही, आणि मी तिच्या जागेवर दुसरी उभी केली. माझ्या आईचं तांदळाचं ताट मी चाळीस वर्षांनी एका थकलेल्या बाईपुढे ठेवलं होतं.

पण अजून एक गोष्ट कळायची होती. आक्काने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिने जमिनीवर गॅसची छोटी शेगडी मांडली, मांडी घालून बसली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. मी तिला रोज भाकरी करताना पाहत होते, पण अशी कधी पाहिली नव्हती. खांदे खाली, हात सैल, परातीवर सगळ्या शरीराचा भार. तीन भाकऱ्या झाल्या तरी तिचा श्वास वाढला नाही. केंद्रात ती खांदे कानापर्यंत वर करून थापायची. मला वाटायचं ती तिची लकब आहे.

मी पाच फूट सात इंच आहे. केंद्राचा ओटा मी माझ्या उंचीने बांधून घेतला आहे. आक्का माझ्या खांद्याला लागते.

"आधीसुद्धा असंच दमायला व्हायचं का गं?" मी विचारलं.

"न्हाई. आधी पाटावर उभी राहायचे ना मी. दिवाळीच्या साफसफाईत पाट नेला तुम्ही."

मला आठवलं. वाटेत येतो, कुणीतरी अडखळेल, म्हणून ओट्यापाशी पडलेला एक जुना पाट मी माळ्यावर टाकला होता. तो तिथे का पडलाय, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की," आक्का म्हणाली, भाकरी उलटत. "दोनदा सांगितलं. कंटाळा आलाय म्हणलं."

मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या ताटात ठेवला. "खा. बडबड नको."

मी आक्काला तिथेच सांगितलं की माझं चुकलं. काय चुकलं तेही सांगितलं, नाहीतर तिला वाटलं असतं मी नव्या बाईबद्दलच बोलतेय. तिने ऐकून घेतलं. लगेच 'असू द्या, ताई' म्हणाली नाही, आणि ते मला बरं वाटलं. थोड्या वेळाने म्हणाली की येईन, पण उभी राहणार नाही. आणि ती गोरेगावची बाई चांगली आहे, तिला ठेवा. तिला पाणी किती गरम लागतं तेवढंच कळत नाही. मी शिकवते. आणि गुळपोळी नको, तिचा मला खरंच वाज आला.

शेवटचा शब्द तिने मावशींकडे बघून उच्चारला. मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी उतरताना एकाही कुंडीपाशी विश्रांती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रातलं माझं हिशेबाचं टेबल काढून टाकलं. जिथे माझी हिशेबाची खुर्ची होती तो कोपरा रिकामा केला, जमिनीवर दोन शेगड्या, दोन पाट, दोन पराती. गॅसवाल्याकडून नळी लांब करून घेतली. माझी खुर्ची दारापाशी गेली, जिथे मला सगळी गिऱ्हाइकं 'आज भाजी काय' विचारतात. मावशींना हे फार आवडलं.

भोगीच्या दिवशी आम्ही सहाला दार उघडलं. बाहेर थंडी होती, म्हणजे आपल्या मुंबईत जेवढी असते तेवढी; मावशींनी मात्र कानाला मफलर गुंडाळला होता. वालपापडी, गाजर, ओले हरभरे, वांगी आणि बोरं घातलेली भाजी ओट्यावरच्या शेगडीवर रटरटत होती, तिळाच्या कुटाचा वास सगळीकडे भरला होता. आक्का एका पाटावर, नवी बाई दुसऱ्या. आक्का तिला ओरडत नव्हती, पण तिच्या परातीत बोट घालून पिठाला म्हणत होती, "अजून तहानलंय हे." नव्या बाईची सातवी भाकरी अख्खी निघाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती लाजून पुढची मोडून बसली.

नऊच्या सुमारास मीही मध्ये बसले. मला वाटलं, निदान तीळ लावून द्यावेत. मी ओलसर भाकरीवर तीळ पेरायचे आणि आक्का ती उचलून तव्यावर टाकायची. पाच-सहा झाल्यावर ती थांबली.

"ताई, तुम्ही मोजून लावताय का तीळ?"

मी मोजत नव्हते. पण ओळीत लावत होते, हे खरं.

"पेरायचे असतात ते. हात उघडायचा." तिने माझ्या मुठीतून तीळ घेतले आणि एका झटक्यात भाकरीवर टाकले. काही परातीत पडले, काही जमिनीवर. भाकरी सुंदर दिसत होती. "तुम्ही दारापाशी बसा. फोन घ्या."

मी दारापाशी बसले. फोन घेतले. साडेदहाच्या आत दीडशेच्या दीडशे भाकऱ्या गेल्या आणि वर मागायला आलेल्या चार म्हाताऱ्यांनाही मिळाल्या. त्यातले एक आजोबा तिथेच उभे राहून भाकरी कोरडी खाऊ लागले, तर मावशींनी त्यांना आत बोलावून लोण्याचा गोळा दिला आणि 'उभ्यान काय खातास' म्हणून झापलं.

सगळं आटोपल्यावर आम्ही पाच आणि एक अशा सहा जणी गोल करून बसलो. नव्या बाईच्या मोडक्या भाकऱ्या आम्हीच खाल्ल्या. चव अगदी तशीच होती. आक्काने जेवून झाल्यावर परातीत उरलेलं पीठ मळलं, एक जाड भाकरी थापली, तिला तीळ जास्त लावले आणि सुती फडक्यात गुंडाळली. सासूला जाड आवडते म्हणाली, पातळ भाकरी तिला फसवणूक वाटते.

मग ती उठली. एका झटक्यात, ओट्याला हात न लावता. खोचलेला पदर सोडला, चपला घातल्या आणि दारात माझ्या खुर्चीपाशी थांबली.

"उद्या संक्रांत हाय. मी नऊला येईन," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"ये," मी म्हटलं.

गरम भाकरी पोटाशी धरून ती चढाच्या दिशेने निघाली. तिच्या मागून नवी बाई धावत गेली, पाणी नेमकं किती गरम करायचं हे आणखी एकदा विचारायला, आणि त्या दोघी भर रस्त्यात थांबून हातवारे करत बोलत राहिल्या, रिक्षावाले बाजूने भोंगे वाजवत जात होते तरीही.